काकींची पोटगीची जमीन



माझ्या चुलत सासूबाईंना आम्ही काकी म्हणायचो. 1951 साली, विसाव्या वर्षी त्या विधवा झाल्या. पदरात एक मुलगी. दिरांनी पोटगीपोटी दोन एकर शेत लावून दिलं. काकी गेल्या, सुतक फिटलं आणि घरात बोलणं निघालं, "ते शेत आता आपल्याकडे परत येणार." नणंदेपुढे हक्कसोडपत्र ठेवलं गेलं. परत येणाऱ्या शेतात आमच्या यजमानांचाही वाटा होता. पण माझ्या मनात आलं, शेत आपलंच असेल, तर तिची सही कशाला?

मग मी वाचायला बसले. 1937 च्या कायद्याने विधवेला मुलाइतका वाटा दिला, पण तो हयातीपुरता. तिच्यामागे तो नवऱ्याच्या वारसांकडे जायचा. आपल्या समाजात काही ठिकाणी रूढी याहून उदार होती. 1878 साली प्रिव्ही कौन्सिलने उत्तरेकडच्या सरावगी अग्रवाल जैनांची रूढी मान्य केली: निपुत्रिक विधवा पतीच्या स्वकष्टार्जित मिळकतीची पूर्ण मालकीण होते आणि पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेऊ शकते. बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 1926 मध्ये 'जैन लॉ' हा ग्रंथ काढला, तोही जैनांचा स्वतंत्र वारसाकायदा मांडण्यासाठी. पण कोर्टात रूढी सिद्ध करावी लागे, नाहीतर हिंदू कायदाच लागू व्हायचा. साक्षीदार, वकील, पैसा हे विशीतली विधवा कुठून आणणार?

17 जून 1956 ला हिंदू वारसा कायदा आला. तो जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम 14 ने स्त्रीच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. पोटगीपोटी मिळालेल्या जमिनीलाही ते लागू होतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये तुलसम्मा खटल्यात स्पष्ट केलं. आणि अशा स्त्रीमागे पहिला हक्क तिच्या मुलांचा व पतीचा.

म्हणजे शेत 1956 पासून काकींचंच होतं. आणि त्या मात्र बांधावरची बाभूळ तोडायलाही दिरांना विचारत राहिल्या!

रात्री मी हे यजमानांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. सकाळी देवदर्शनाहून आले आणि थोरल्या दिरांना म्हणाले, "अचौर्य अणुव्रत घेतलंय आपण. न दिलेलं कसं घ्यायचं?" घरात अबोला झाला, वर्षभर टिकला. पण हक्कसोडपत्र फाटलं. मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून नणंदेने तलाठ्याकडे अर्ज दिला, फेरफार झाला, सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं.

लेकींना सही करायला सांगताना आपण पटकन अपरिग्रह आठवतो. पण त्याग करायचा तर वस्तू आधी आपली आहे, हे ठाऊक तर हवं ना? मग खुशाल सोडा. तोवर, मैत्रिणींनो, कागद वाचल्याशिवाय सही करू नका आणि लेकीसुनांनाही करू देऊ नका.