डिप्लोझूनची कुळकथा

मासळीबाजारात मासा ताजा आहे की शिळा हे पाहायला आपण आधी कल्ल्याचं झाकण उचलतो. आत लालभडक दिसलं की मगच भावाचं बोलणं. तो लाल रंग रक्ताचा. पाण्यातला प्राणवायू घ्यायचा म्हणून कल्ल्यांत रक्त अगदी पातळ पडद्याआडून वाहत असतं, आणि जिथे रक्त इतकं हाताशी आहे तिथे ते पिणारे येणारच. माशांच्या कल्ल्यांवर आणि अंगावर राहणाऱ्या चपट्या परजीवी कृमींचा एक मोठा वर्ग आहे, मोनोजीनिया. यातल्या डॅक्टिलोगायरस या एकाच वंशात नऊशेहून जास्त प्रजातींची नोंद झालेली आहे. अशी एक प्रजाती 'नवी' ठरते म्हणजे नक्की काय होतं, हे समजून घ्यायचं तर डिप्लोझून पॅराडॉक्सम या कृमीचा इतिहास पाहावा. त्याचं वर्णन एका माणसाने एका वर्षात केलेलं नाही. ते पुरं व्हायला चाळीस वर्षं लागली.

सुरुवात बर्लिनमध्ये झाली. अलेक्झांडर फॉन नॉर्डमान हा फिनलंडमध्ये १८०३ साली जन्मलेला तरुण तिथे शिकायला आला होता. कृमिशास्त्रात तेव्हा रुडॉल्फी यांचा शब्द अखेरचा मानला जाई. नॉर्डमान त्यांच्याच हाताखाली तयार झाला. त्याने ब्रीम नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचे कल्ले सूक्ष्मदर्शकाखाली धरले आणि त्याला तिथे काही मिलिमीटर लांबीचा एक विलक्षण जीव दिसला. दोन शरीरं मधोमध एकमेकांना छेदून जोडलेली, इंग्रजी एक्स अक्षरासारखी. डोकी दोन, तोंडं दोन. मागच्या दोन्ही टोकांना चिमट्यांच्या चार-चार जोड्या, आणि या चिमट्यांनी कल्ल्याच्या पाकळ्या घट्ट पकडलेल्या. नॉर्डमानने त्याला एकच, पण दुहेरी देहाचा प्राणी मानलं आणि १८३२ च्या आपल्या ग्रंथात डिप्लोझून पॅराडॉक्सम या नावाने त्याचं वर्णन छापलं. याच ग्रंथात त्याने ब्रीमच्याच कल्ल्यांवरचा गायरोडॅक्टिलस हा दुसरा वंशही प्रथम नोंदवला. एका माशाच्या एका अवयवातून दोन नवे वंश! वय तिशीच्याही आत. मला या माणसाच्या नजरेचं फार अप्रूप वाटतं.

तेरा वर्षांनी, १८४५ साली, फ्रान्समध्ये फेलिक्स द्युजार्दँ यांनी कृमींवरचा आपला मोठा ग्रंथ काढला. त्यात कल्ल्यांवरच्या एका इवल्याशा, सुट्या कृमीला त्यांनी डिपोर्पा असं वंशनाव दिलं. पोटाच्या बाजूला एक छोटा चूषक, पाठीवर एक बारीक उंचवटा, बाकी साधा एकेरी देह. कागदावर आता दोन वंश झाले.

मग १८५१ साली कार्ल फॉन झीबोल्ड यांनी दाखवून दिलं की डिपोर्पा हा वेगळा प्राणी नाहीच. दोन डिपोर्पा एकत्र येतात आणि त्यांचंच डिप्लोझून होतं. म्हणजे नॉर्डमानने जोडप्याला एक प्राणी मानलं होतं, आणि पोराला वेगळ्या कुळाचं नाव मिळालं होतं. १८७२ साली एर्न्स्ट झेलर यांनी अंड्यापासूनची सगळी वाटचाल तपशिलात मांडली आणि चित्र पूर्ण झालं.

ही वाटचाल जरा जवळून पाहण्यासारखी आहे. अंड्याला लांबच लांब, गुंडाळलेला धागा असतो. अंड्यातून केसाळ, पोहणारी अळी बाहेर पडते. तिच्याकडे चिमट्यांची एकच जोडी असते. कल्ल्यावर पोचली की ती केस टाकते, रक्त पिऊ लागते, डिपोर्पा होते. एकटी डिपोर्पा महिनोन्महिने जगू शकते, पण वयात येत नाही. दुसरी भेटली की एक जण आपल्या चूषकाने दुसरीच्या पाठीवरचा उंचवटा पकडते. मग दुसरी अंगाला पीळ देऊन वळते आणि पहिलीचा उंचवटा पकडते. तो पीळ पुन्हा कधी सुटत नाही. पेशीजाल एकमेकांत मिसळतं, आणि त्यानंतरच दोघींची जननेंद्रियं वाढीला लागतात. दोन्ही कृमी उभयलिंगी असतात, आणि एकीची शुक्रवाहिनी दुसरीच्या मादी-अवयवांपाशी उघडते. पुढचं सगळं आयुष्य असंच, जोडीने.

द्युजार्दँ यांचं डिपोर्पा हे नाव वंश म्हणून बाद झालं, पण पोरवयाच्या अवस्थेचं नाव म्हणून आजही वापरात आहे.

गोंधळ मात्र इथे संपला नाही. पुढे शंभर वर्षं युरोपात कार्प कुळातल्या कुठल्याही माशावर असा जोडकृमी सापडला की त्याला पॅराडॉक्सम म्हणून मोकळं होण्याची रीत पडली. जपानच्या सेइतारो गोतो यांनी १८९१ साली तिकडच्या माशावरचा निप्पोनिकम वेगळा काढला. आपल्याकडे दयाल यांनी १९४१ साली डिप्लोझून इंडिकम नोंदवला. पुढे सोव्हिएत संशोधक खोतेनोव्स्की यांनी १९८० च्या दशकात सगळं कूळ नव्याने लावलं. निप्पोनिकम युडिप्लोझून या वंशात गेला. कार्प माशांच्या ने-आणीबरोबर निप्पोनिकम युरोपातही पोचला. वेगळं नाव नसतं, तर हा पाहुणा कुणाला ओळखूही आला नसता.

ही ओळख किती मोलाची, ते नॉर्वेला विचारावं. नॉर्डमानच्याच गायरोडॅक्टिलस वंशातली सॅलॅरिस ही प्रजाती योरान मालम्बेर्ग यांनी १९५७ साली स्वीडनमधल्या सामन माशांवरून नोंदवली. बाल्टिकच्या सामनला तिचा फारसा त्रास नव्हता. १९७५ साली ती नॉर्वेत आढळली आणि पुढे पन्नासच्या आसपास नद्यांमधले सामन तिने पोखरून काढले. उपाय म्हणून नदीत रोटेनॉन हे विष सोडून त्या टापूतले सगळे मासे मारावे लागले. ही प्रजाती वेगळी ओळखायची ती मागच्या टोकाच्या, माशाला पकडणाऱ्या आकड्यांवरून, आणि ते आकडे मिलिमीटरच्याही शतांशांत मोजायचे. त्यांचं माप पाण्याच्या तापमानाबरोबर बदलतं, म्हणून आता सोबत डीएनएही तपासतात.

आज नवी प्रजाती जाहीर करायची तर नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे नावाचा आधार असलेला नमुना स्पष्ट सांगावा लागतो. २००० सालापासून हे बंधनकारक आहे. जवळच्या प्रजातींपेक्षा वेगळेपण कशात, हेही नियमानेच सांगावं लागतं; कुठल्या माशावर, कुठल्या पाण्यात कृमी मिळाला, आकडे-चिमट्यांची मापं काय, हे सगळं चित्रांसह देण्याची रीत आहे. नियम आणि रीत इतकंच मागतात. डिप्लोझूनचा इतिहास त्याहून जास्त मागतो: अंडी, अळी, पोरवय, सगळं.

महाराष्ट्रातल्या प्राणिशास्त्र विभागांमध्ये माशांचे कल्ले तपासणारे विद्यार्थी आजही आहेत. त्यांना आणि त्यांच्या मार्गदर्शकांना माझी विनंती आहे. बर्फातला मासा घेऊ नका. मासा मेल्यावर हे कृमी लवकर खराब होतात. जिवंत मासा मिळवा, त्याची नीट ओळख पटवा, एका कृमीवर न थांबता लहानमोठे सगळे पाहा. आणि नमुन्याच्या स्लाइड विभागाच्या कपाटात न ठेवता संग्रहालयात जमा करा, म्हणजे पुढच्या कुणाला तुमचं काम पडताळून पाहता येईल.