कवडी, पै आणि पैसा

हलके नाणे पाडावे की न पाडावे, याचा हिशेब टांकसाळीत एक असतो आणि बाजारात दुसरा. टांकसाळ धातूचा व मजुरीचा खर्च पाहते. ते नाणे दिले असता काही पदरात पडते की नाही, एवढेच बाजार पाहतो.

टांकसाळीचा खर्च जिला कधीच लागला नाही ती कवडी. मालदीवच्या समुद्रातून येऊन ती बंगालच्या पूर्व टोकाला सरकारी वसुलापर्यंत पोहोचली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस सिल्हेटला कलेक्टर असलेल्या रॉबर्ट लिंडसेने लिहून ठेवले आहे की, जिल्ह्याचा सुमारे अडीच लाख रुपयांचा सारा कवड्यांतच येई. चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा पण, सोळा पणांचा काहन आणि चार काहनांचा रुपया. म्हणजे रुपयाला ५१२० कवड्या, आणि एकूण वसूल १२८ कोटी कवड्यांचा! त्या साठवायला कोठारे हवीत, ढाक्याला न्यायला होड्यांचा ताफा हवा. शिवाय वाटेतील चोरी सोडूनही शेकडा दहाची तूट. परमुलखात सरकारी तिजोरीच्या किल्ल्या सांभाळलेल्या वाचकांना त्या गृहस्थाची दया येईल. परंतु सरकारला जाच झालेली हीच कवडी चिमूटभर मीठ घेणाऱ्याची सोय होती. रुपयाचा पाच हजारावा हिस्सा ठरेल एवढे हलके नाणे पाडणे कोणत्या टांकसाळीला परवडले असते?

आपल्याकडे हे काम मुख्यतः तांब्याने केले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळचा सोन्याचा होन आज अत्यंत दुर्मिळ आहे. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीस ‘छत्रपति’ अशी अक्षरे मिरवणारी शिवराई मात्र पेशवाई पाहून इंग्रजी अमलातही चालत राहिली. राज्ये बदलली तरी भाजीवालीने ती नाकारली नाही, हे तिचे खरे प्रमाणपत्र.

इंग्रजी रुपयाच्या १९२ पया होत. पै पाडणे १९४२ साली थांबले आणि महायुद्धातील धातुटंचाईने पैशाच्या पोटात भोक पाडले. पुढे १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली. ती सोयीची होती यात शंका नाही; पण तिचे कोष्टक बारकाईने पाहण्यासारखे आहे. एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, आणि एक जुना पैसा म्हणजे २. आण्याचा जिन्नस एकदम घेणाऱ्याला पाव पैशाचा लाभ. तोच जिन्नस पैसापैसा टाकून चार वेळा घेणाऱ्याला ८ नवे पैसे पडले. ज्याची खरेदी सर्वांत लहान, त्याच्यावर पूर्णांकाचा भार सर्वांत मोठा.

१९६४ साली ‘नवा’ हे विशेषण गळले. लवकरच ब्राँझ जाऊन अ‍ॅल्युमिनियम आले. १९७१ साली हलकी नाणी वितळवण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला, यावरून नाण्यातील धातू त्याच्या मोलाशी कसा स्पर्धा करू लागला होता ते दिसते. ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालील नाणी चलनातून गेली. त्याचे मला दुःख नाही. नाण्याचा खर्च एकदाच होतो आणि ते हजार हातांतून फिरते, म्हणून केवळ धातूच्या किमतीवरून त्याला मोडीत काढणे अन्यायाचे. पण टांकसाळीतून निघून थेट डब्यात जाणारे, परत न फिरणारे नाणे पाडत राहणे हीही उधळपट्टीच.

पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून जिवंत आहे. दहा रुपयांपर्यंतचे देणे त्यात भागवता येते. दुकानदार मात्र ते घेत नाही, आणि सुट्ट्यांच्या नावाने गोळी पुढे करतो. हिशेबातून तर पैसा मुळीच गेलेला नाही. पेट्रोलचा भाव अजून पैशांत लागतो. ज्याच्या हाती स्मार्टफोन आणि बँकेत खाते, तो ते देणे पैशापर्यंत बरोबर चुकते करतो. रोख देणाऱ्याने वरचा रुपया भरायचा. १९५७ च्या त्या कोष्टकातील पैसापैशाचा गिऱ्हाईक तो हाच.