झाकलेलं नाव, झाकलेलं कारण

ग्वाल्हेरच्या कंपू भागात, जयारोग्य रुग्णालयाच्या शेजारी, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिवाजीराव शिंद्यांच्या राजवटीत १९४६ साली ते त्यांच्या मातोश्रींच्या नावानं सुरू झालं. आजच्या मध्य प्रदेशातलं हे पहिलं वैद्यकीय महाविद्यालय. इथला एमबीबीएसचा विद्यार्थी आयसीएमआरच्या शॉर्ट टर्म स्टुडंटशिपसाठी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एसटीएस’साठी, प्रपोजल लिहायला बसतो तेव्हा सीनियर त्याला आधी एकच गोष्ट बजावतात. प्रपोजलच्या मजकुरात तुझं नाव नको, गाइडचं नको, कॉलेजचंही नको. कुठे राहून गेलं तर प्रपोजल बाद. दोन महिन्यांच्या छोट्याशा संशोधनासाठी सरकार विद्यार्थ्याला विद्यावेतन देतं, आणि ते द्यायचं की नाही हे ठरवणाऱ्याला विद्यार्थी ग्वाल्हेरचा की दिल्लीचा, हे कळू दिलं जात नाही. १९७९ पासून चालत आलेली ही योजना मला फार मोलाची वाटते. सरकारी पैसा मागणाऱ्याचं नाव झाकून फक्त त्याचा प्रश्न वाचायचा, ही कल्पना आपल्याकडे इतक्या शुद्ध रूपात फारशी दिसत नाही.

ही पद्धत आली कुठून, ते पाहायला याच शहरातून सुरुवात करू. संस्थानी काळात विद्येला पैसा मिळे तो दरबारातून. जिवाजीरावांच्याच काळात, १९४७ साली, ग्वाल्हेरला जिवाजी औद्योगिक संशोधन प्रयोगशाळा निघाली. पुढे ती संरक्षण खात्याकडे गेली आणि १९७३ पासून डीआरडीई या नावानं ओळखली जाते. डासांना दूर ठेवणारं ‘डेपा’ हे रसायन याच प्रयोगशाळेनं विकसित केलं. दरबारी पद्धतीला नावं ठेवणं सोपं आहे. पण एका राजाच्या इच्छेनं पाठोपाठच्या दोन वर्षांत कॉलेज आणि प्रयोगशाळा उभी राहिली, हेही खरं. तिची मर्यादा एवढीच, की राजाला जे सुचलं नाही किंवा ज्याचा वशिला दरबारापर्यंत पोचला नाही, त्याला दुसरं दार नव्हतं. युरोपातही विज्ञान शतकानुशतकं अशाच आश्रयावर जगलं.

नाव झाकण्याचा पहिला ठळक दाखला वैद्यकातलाच आहे. एडिनबर्गमधल्या वैद्यकीय मंडळींनी १७३१ मध्ये एक संस्था काढली आणि दोन वर्षांनी तिच्या निबंधसंग्रहाचा पहिला खंड छापला. प्रस्तावनेत त्यांनी आपली रीत सांगून टाकली: बाहेरून आलेले निबंध त्या त्या विषयातल्या जाणत्या सभासदांकडे तपासायला जातील आणि तपासणारा कोण होता हे लेखकाला कळणार नाही. प्रश्न तेव्हा छापण्याचा होता, पैशाचा नव्हता. पैसा आला तो शंभराहून अधिक वर्षांनी. १८४९ मध्ये पंतप्रधान लॉर्ड जॉन रसेल यांनी वैज्ञानिक कामासाठी वर्षाला १,००० पौंड द्यायची तयारी दाखवली आणि ते कुणाला द्यायचे हे ठरवायला रॉयल सोसायटीला सांगितलं. पैसा सरकारचा, निवाडा जाणकारांचा, ही वाटणी तिथे रुजली. आजची प्रत्येक अनुदान समिती याच घराण्यातली.

हिंदुस्थानात हे घराणं मुंबईच्या परळमध्ये उतरलं. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन १९११ साली स्थापन झाली आणि तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक १५ नोव्हेंबर १९११ रोजी मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत झाली. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. अध्यक्षस्थानी सर हार्कोर्ट बटलर होते, म्हणजे सरकारच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य. प्लेग, मलेरिया, काळा आजार अशा रोगांच्या चौकशांना पैसा मिळे तो या मंडळाकडून, वैज्ञानिक सल्लागारांच्या शिफारशीनं. सल्ला देणारे आणि पैसा मागणारे बहुतेक एकाच इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले, एकमेकांना नावानं आणि हुद्द्यानं ओळखणारे. तिथे गुप्ततेला जागाच नव्हती; हुद्दा हीच ओळख होती. १९४९ मध्ये या संस्थेचं नाव इंडियन कौन्सिल ऑफ मेडिकल रिसर्च, म्हणजेच आयसीएमआर, झालं आणि चिंतामण गोविंद पंडित तिचे पहिले संचालक झाले. म्हणजे गजराराजा महाविद्यालयाच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी शिकत होते, त्याच वर्षांत देशाची संशोधन परिषद स्वतंत्र भारताची झाली.

बंद दाराआडचं परीक्षण आज ज्या रूपात जगभर चालतं, ते मुख्यतः अमेरिकेत घडलं. तिथे १९३७ मध्ये राष्ट्रीय कर्करोग संस्था कायद्यानं स्थापन झाली आणि तिच्या सल्लागार मंडळाच्या शिफारशीशिवाय अनुदान द्यायचं नाही असं ठरलं. महायुद्ध संपल्यावर युद्धकाळातली वैद्यकीय संशोधनाची कंत्राटं सार्वजनिक आरोग्य सेवेकडे आली आणि ती सांभाळायला १९४६ मध्ये वेगळा विभाग उघडला. त्यानं विषयवार तज्ज्ञगट नेमले, ‘स्टडी सेक्शन’. त्या खोलीत काय चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. टेबलाभोवती वीसेक शास्त्रज्ञ. प्रत्येक अर्ज दोघा-तिघांनी आधी घरी बारकाईनं वाचलेला असतो. ते आपलं मत मांडतात, बाकीचे प्रश्न विचारतात. अर्जदार आपल्याच विद्यापीठातला असेल तर तो सभासद उठून बाहेर जातो आणि चर्चा संपल्यावरच आत येतो. मग प्रत्येक जण इतरांना न दाखवता १ ते ९ यांतला आकडा टाकतो, १ सर्वोत्तम. साधारण निम्मे अर्ज तर चर्चेलाच येत नाहीत, प्राथमिक गुणांवरच मागे पडतात. पुढे दुसरं मंडळ, सल्लागार परिषद, अनुदानावर शिक्कामोर्तब करतं. खोलीत जे बोललं गेलं ते बाहेर सांगायचं नाही, हे बंधन सर्वांवर असतं.

या गुप्ततेची दोन कारणं आहेत आणि दोन्ही मला पटतात. अर्जात माणसाची अजून न झालेली कामं असतात, त्याची कल्पना; ती चोरीला गेली तर भरपाई नाही. आणि परीक्षक उघडा पडला तर तो खरं बोलणार नाही. आपल्याकडे तर एखाद्या विषयात काम करणारे बोटांवर मोजण्याइतके. आज ज्याचा अर्ज नाकारला, तोच उद्या आपल्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाचा परीक्षक असणार.

पण गुप्ततेच्या पडद्याआड आणखी काय काय बसतं, हे त्या पडद्याला हात लावणाऱ्यांनीच जगाला दाखवलं. अमेरिकेत एका संस्थेनं मुलांवरच्या औषधी प्रयोगांना मिळालेल्या अकरा अनुदानांची कागदपत्रं न्यायालयात मागितली. १९७४ मध्ये न्यायालयानं म्हटलं, की ज्यांना अनुदान मिळालं त्यांचे अर्ज द्या. संशोधक हा काही व्यापारी नव्हे, त्याची योजना व्यापारी गुपित ठरत नाही. परीक्षकांची मतं मात्र न्यायालयानं झाकलीच ठेवली. त्याच दशकात अर्जदाराला स्वतःच्या अर्जावरचा सारांश मिळू लागला. तो गुलाबी कागदावर छापत, म्हणून संशोधक त्याला ‘पिंक शीट’ म्हणत. नापास झालेल्याला का नापास झालो हे वाचायला मिळणं, ही या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी कमाई आहे असं मी मानतो.

स्वीडनमधली गोष्ट त्याहून पुढची. गोथेनबर्गच्या क्रिस्तीन वेनेरोस आणि आग्नेस वोल्ड या दोघी संशोधिकांनी स्वीडिश वैद्यकीय संशोधन परिषदेकडे १९९५ सालच्या पाठ्यवृत्तींचे गुण मागितले. परिषदेनं नकार दिला. पण स्वीडनमध्ये सरकारी कागद नागरिकाला पाहता येण्याचा कायदा १७६६ पासून आहे. न्यायालयानं गुणपत्रकं उघडायला लावली. ११४ अर्जदार होते, ६२ पुरुष आणि ५२ स्त्रिया. पाठ्यवृत्ती वीस, त्यांतल्या स्त्रियांना चार. दोघींनी प्रत्येक अर्जदाराचे शोधनिबंध मोजले, त्यांचं वजन काढलं, मग परीक्षकांनी दिलेल्या गुणांशी ताडून पाहिलं. पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला जवळजवळ अडीचपट काम दाखवावं लागत होतं. आणि दुसरी गोष्ट तर आपल्याला फारच ओळखीची. समितीतल्या कुणाशी ज्याचा संबंध होता, त्या अर्जदाराला जास्त गुण पडत होते. तो ओळखीचा सभासद नियमाप्रमाणे गुण देत नसतानाही. बाकीचे सभासद त्याची भरपाई करत होते! १९९७ मध्ये हे ‘नेचर’मध्ये छापून आलं आणि समित्यांच्या कारभारावर जगभर चर्चा पेटली. नियम पाळला गेला होता आणि अन्यायही झाला होता. गुणांचे कागद उघडल्याशिवाय हे कुणाला कधी कळलंच नसतं.

ग्वाल्हेरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. २०१३ मध्ये मध्य प्रदेशच्या व्यावसायिक परीक्षा मंडळातला, म्हणजे ‘व्यापमं’मधला, घोटाळा उघडकीला आला तेव्हा वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेत कागद सीलबंद असूनही आत काय चाललं होतं, ते या शहरानं अगदी जवळून पाहिलं. ती परीक्षा आणि अनुदानाचं परीक्षण वेगळं, याची मला जाणीव आहे. गुप्तता राखणारा आणि गुप्ततेचा फायदा उठवणारा यांच्यात फरक करायचा तर कुणीतरी नंतर कागद पाहिला पाहिजे, एवढंच मला म्हणायचं आहे.

एसटीएसमध्ये विद्यार्थ्याचं नाव झाकता येतं, कारण त्याचं नाव अजून झालेलं नसतं. मोठ्या अनुदानात ते जमत नाही. आयसीएमआरची छोटी अनुदानंही आज दोन कोटींपर्यंत जातात. एवढा पैसा द्यायचा तर अर्जदारानं आधी काय केलं, त्याच्याकडे उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर आहे का, हे पाहावंच लागतं. म्हणजे नाव उघडं, संस्था उघडी, फक्त परीक्षक झाकलेला. इथेच लहान शहरातल्या कॉलेजचं नुकसान होण्याची भीती असते. अमेरिकेनं यावर एक उपाय काढला आहे. जानेवारी २०२५ पासून तिथे अर्जदाराची पात्रता आणि संस्थेच्या सोयी यांना आकडा द्यायचा नाही. पुरेशा आहेत की नाहीत एवढंच नोंदवायचं. गुण पडतात ते प्रश्नाच्या महत्त्वाला आणि पद्धतीच्या कसाला. आपल्याकडेही हे करायला काहीच हरकत नसावी. तिथे जून २०२३ मध्ये आणखी एक नियम झाला: परीक्षकानं अर्ज एआयच्या साधनाला वाचायला द्यायचा नाही, कारण एकदा तिथे टाकलेला मजकूर कुठे जाईल यावर कुणाचं नियंत्रण राहत नाही. एडिनबर्गच्या वैद्यांनी माणसापासून जे जपायला सुरुवात केली, ते आता यंत्रापासूनही जपायचं आहे.

आपल्या देशात पडदा कुठवर असावा याचं उत्तर कायद्यात लिहिलेलं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याच्या कलम ८ मध्ये, ज्याच्यामुळे कुणाच्या सुरक्षिततेला धोका होईल ती माहिती झाकायची मुभा आहे. कलम १० सांगतं, की झाकण्याजोगा भाग वगळून उरलेला कागद द्यावा. ऑगस्ट २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सीबीएसईच्या खटल्यात विद्यार्थ्याला त्याची तपासलेली उत्तरपत्रिका दाखवायला सांगितली आणि तपासणाऱ्याची ओळख मात्र झाकायला सांगितली. अनुदानाच्या अर्जालाही हाच न्याय लागायला हवा. परीक्षकाचं नाव जरूर झाका. त्यानं काय लिहिलं आणि किती गुण दिले, ते अर्जदाराचं आहे.

म्हणून ग्वाल्हेरच्या, जबलपूरच्या, नांदेडच्या, मिरजेच्या डॉक्टर मंडळींना माझं सांगणं आहे. अर्ज नाकारला गेला तर गप्प बसू नका. आधी संस्थेकडे साध्या पत्रानं कारणं मागा. नाही मिळाली तर माहिती अधिकारात अर्ज करा; फी दहा रुपये आहे आणि उत्तर द्यायची मुदत तीस दिवस. परीक्षकाचं नाव मागू नका, त्याची टिप्पणी मागा. ती वाचून पुढचा अर्ज सुधारा आणि पुन्हा पाठवा.