विधानसभेची जागा की विधान परिषदेची : आपल्या समाजासाठी कोणती जास्त मोलाची?

तिकीटवाटपाच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर येतं : "विधानसभेला यंदा जमत नाही, पण परिषदेवर नक्की घेऊ." मग मोहल्ल्यात प्रश्न पडतो, दोघंही आमदारच ना, मग फरक काय? फरक आहे, आणि बराच मोठा आहे.

दोन सभागृहं कशी बनतात

विधानसभेत २८८ जागा आहेत. त्या थेट जनतेच्या मतांनी भरतात. आपलं वराळे मावळ मतदारसंघात येतं, म्हणजे यादीत नाव असलेला इथला प्रत्येक मतदार मावळचा आमदार निवडतो. विधान परिषदेत ७८ जागा. त्यातल्या ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून येतात, ७ पदवीधरांच्या, ७ शिक्षकांच्या आणि १२ जणांना राज्यपाल नेमतात. विधानसभेची मुदत ५ वर्षं, तर परिषदेच्या सदस्याची ६. परिषद बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात.

खरी ताकद कुठे

सरकार टिकतं ते विधानसभेच्या विश्वासावर. अविश्वास ठराव तिथेच येतो. अर्थविधेयक तिथेच मांडलं जातं. परिषद ते फार तर १४ दिवस ठेवू शकते. साधं विधेयकसुद्धा परिषदेला कायमचं अडवता येत नाही, पहिल्यांदा ३ महिने आणि दुसऱ्यांदा १ महिना एवढाच उशीर करता येतो. राष्ट्रपतींच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत मत असतं ते फक्त विधानसभेच्या निवडून आलेल्या आमदारांना.

अमेरिकेत चित्र उलटं आहे. तिथल्या सिनेटमध्ये १०० जागा, पण सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीला सिनेटचीच मंजुरी लागते. म्हणून तिथे वरच्या सभागृहाची एक जागाही फार भारी पडते. आपल्याकडे 'वरिष्ठ सभागृह' हे नाव मोठं, अधिकार मात्र कमी.

म्हणून परिषद बिनकामाची असं नाही. तिथे प्रश्न विचारता येतो, लक्षवेधी मांडता येते, आमदार निधी मिळतो, मंत्रीही होता येतं. उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना मे २०२० मध्ये परिषदेवरच निवडून आले होते. परभणीच्या फौजिया खान परिषदेतून राज्यमंत्री झाल्या आणि २०२० मध्ये राज्यसभेवर गेल्या. थेट निवडणुकीचा खर्च न पेलणाऱ्या अभ्यासू माणसाला, विशेषतः आपल्या शिकलेल्या बायकांना, हा रस्ता उपयोगी आहे.

आकडे काय सांगतात

२०११ च्या जनगणनेप्रमाणे राज्यात मुस्लिम साधारण साडेअकरा टक्के आहेत. त्या हिशोबाने २८८ मध्ये ३३ आमदार होतील. २०२४ मध्ये निवडून आले १०. त्यात मालेगाव मध्य आणि भिवंडी पूर्व आहेत, तसं हसन मुश्रीफ यांचं कागलही आहे. म्हणजे फक्त आपल्या वस्तीच्या बळावरच जागा निघते, असं नाही.

आता परिषदेचं गणित बघा. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा पहिल्या पसंतीच्या २३ मतांचा कोटा होता. आपले सगळे १० आमदार पक्ष विसरून एकत्र आले असते, तरी एकही जागा स्वतःच्या बळावर काढता आली नसती. परिषदेची जागा पक्षश्रेष्ठी देतात, आणि पक्षश्रेष्ठी संख्या बघून देतात. विधानसभेत संख्या नसेल तर परिषदेचं आश्वासन फक्त मेहरबानी उरते.

नेमणुकीचंही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यपालांनी नेमलेल्या सात जणांत मिरजेचे इद्रिस नायकवडी होते, ही चांगली गोष्ट. पण नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या सरकारने पाठवलेली १२ नावं सरकार जाईपर्यंत तशीच पडून राहिली, हेही लक्षात ठेवा.

आपल्या हातातला दरवाजा

परिषदेच्या १४ जागा मात्र कोणाच्या मेहरबानीच्या नाहीत : पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ. पुणे विभागाच्या दोन्ही जागांसाठी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. मागचं मतदान १ डिसेंबर २०२० ला झालं, मुदत सहा वर्षांची.

इथे विधानसभेची मतदारयादी चालत नाही. प्रत्येक निवडणुकीआधी यादी नव्याने बनते, म्हणून मागच्या वेळी नाव होतं हे पुरेसं नाही. पदवीधरांसाठी अर्ज क्रमांक १८ असतो. अर्हता दिनांकाच्या, म्हणजे १ नोव्हेंबरच्या, किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेली हवी आणि राहणं याच विभागात हवं. शिक्षकांसाठी अर्ज क्रमांक १९. मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्याहून वरच्या संस्थेत शिकवलेलं हवं. उर्दू प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांना त्यामुळे शिक्षक मतदारसंघात मत नाही, पण ते पदवीधर असतील तर तिकडे नोंदणी करू शकतात. हे अनेकांना माहीतच नसतं. लग्न होऊन आलेल्या पदवीधर सुना तर हमखास राहून जातात.

मग भर कशावर द्यायचा? पक्षांशी बोलताना आग्रह विधानसभेच्या तिकिटाचा धरावा, परिषदेला त्याचा बदला मानू नये. आणि घरात जेवढ्या पदव्या आहेत, तेवढी नावं पदवीधर यादीत आहेत का, हे यादीचं काम सुरू होताच तहसील कार्यालयात जाऊन बघावं. पहिलं काम नेत्यांचं आहे. दुसरं तुमचं-माझं.