भीतीचं तिकीट

लंडनला गेलो होतो तेव्हा 'लंडन डंजन' बघितलं. १९७४ साली लंडन ब्रिजजवळ सुरू झालेला हा प्रकार २०१३ पासून थेम्सकाठच्या काउंटी हॉलमध्ये आहे. आत अंधार, धूर, किंकाळ्या आणि हाडामांसाचे नट. शहराचा रक्तरंजित इतिहास ते अंगावर येऊन सांगतात.

कोर्टाचा प्रसंग भारी आहे. न्यायाधीश प्रेक्षकांतल्याच एकाला पिंजऱ्यात उभं करून खुळचट आरोप ठेवतो. सगळे खो-खो हसतात. मीही हसलो. पण खरा इतिहास काय? १८०८ पर्यंत इंग्लंडमध्ये एक शिलिंगपेक्षा जास्त किमतीची पाकीटमारी केली तरी फाशी होऊ शकत होती. फाशीच्या गुन्ह्यांची यादी दोनशेच्या वर गेली होती. लोक फाशी बघायला जत्रेसारखे जमत. भर चौकातल्या फाशा थांबल्या १८६८ मध्ये. म्हणजे भीतीची करमणूक तिथं जुनीच, आता फक्त तिकीट लागतं!

१६६५ च्या प्लेगचंही तसंच. घरात एक रुग्ण सापडला की सगळं कुटुंब आत कोंडायचं आणि दारावर लाल फुली मारायची. राजा दुसरा चार्ल्स आणि पैसेवाले शहर सोडून गेले. मेले ते मुख्यतः गरीब.

हे वाचून आपल्याला पुणे आठवणारच. १८९७ च्या प्लेगमध्ये गोरे सोजीर घराघरांत घुसले. त्या संतापातून २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. हे आपल्याला पाठ आहे. त्याच साली १० मार्चला प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, हे मात्र त्या मानाने कमी सांगितलं जातं.

१८८८ चा 'जॅक द रिपर' जगाला माहीत. त्यानं मारलेल्या मेरी अ‍ॅन निकोल्स किंवा अ‍ॅनी चॅपमन किती जणांना माहीत आहेत?

थरार असावा, पोरं त्यानंच इतिहासाकडे वळतात. पण उद्या आपल्याकडे प्लेगवर असा शो निघाला, तर त्यात मारणाऱ्याआधी मेलेल्यांची नावं यायला हवीत. आणि ती नावं सरकारी दप्तरापेक्षा आपल्या घरांत जास्त सापडतील. प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या टाकून राहिलेल्यांच्या आठवणी तुमच्या आजी-आजोबांकडून ऐकल्या असतील, तर खाली जरूर लिहा.