गायकदोष आणि गायकाचें आत्मपरीक्षण

चाळीसगांवजवळील पाटणें येथील शिलालेख वाचकांच्या परिचयाचा आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला, निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्या मठास शके ११२८ (इ. स. १२०६-०७) मध्यें दान दिलें, लेखाचा अखेरचा भाग मराठींत आहे. हा चांगदेव ज्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, त्याच राजाच्या आश्रयास देवगिरीस शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकर’ रचिला. शार्ङ्गदेवाच्या आजोबांचेंहि नांव भास्करच. पण ते काश्मिराहून दक्षिणेंत आलेले, अर्थात् निराळे. स्वतः शार्ङ्गदेव राज्याच्या श्रीकरणांत, म्हणजे हिशेबाच्या दप्तरांत, अधिकारी होता. या हिशेबी पुरुषानें आपल्या ग्रंथाच्या प्रकीर्णक नामक तिसऱ्या अध्यायांत गायकाच्या दोषांचीहि मोजदाद केली आहे. ते दोष पंचवीस भरतात. ही यादी केवळ निंदेची नसून गायकानें स्वतःस तपासण्याचें तें साधन आहे, आणि त्या तपासणीस आपल्याकडे मोठी परंपरा आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम यादीचें मूळ पाहूं. दोष मोजण्याची रीत संगीतशास्त्राची नव्हे, वेदपाठाची आहे. पाणिनीय शिक्षेंत पाठकाचे सहा गुण व सहा दोष सांगितले आहेत. गाऊन म्हणणारा, घाईनें म्हणणारा, मान हालविणारा, लिहिलेलें पाहून म्हणणारा, अर्थ न जाणणारा व बारीक आवाजाचा, असे हे सहा अधम पाठक होत. पोथ्या जमविणाऱ्या आम्हां मंडळींस यांतील ‘लिखितपाठक’ हा शब्द बोंचतो. पण ज्या विद्येंत कंठ हीच पोथी, तेथें तो दोष ठरणें स्वाभाविक आहे. सामवेदाच्या नारदीय शिक्षेंत हीच दृष्टि गानाकडे वळली. तेथें गानाचे दहा गुण व चौदा दोष येतात.

या चौदा दोषांशीं रत्नाकरांतील पंचवीस ताडून पाहतां शंकित, भीत, उद्घुष्ट, अव्यक्त, सानुनासिक, विरस, काकी, स्थानभ्रष्ट व विताल हे नऊ दोष थोड्याफार शब्दभेदानें तेच आढळतात. यावरून शिक्षाग्रंथांचा वारसा स्पष्ट होतो. परंतु अधिक बोधप्रद आहे तो उरलेला भाग. संदष्ट (दांत आवळून गाणारा), कराली (तोंड भयंकर वासणारा), करभ (उंटाप्रमाणें मान उंचावणारा), झोंबक (ज्याच्या कपाळाच्या व मानेच्या शिरा फुगतात तो), तुंबकी (तोंड भोपळ्यासारखें फुगविणारा), वक्री (मान वांकडी करणारा), प्रसारी (हातपाय पसरणारा) आणि निमीलक (डोळे मिटून गाणारा) हे आठहि दोष नारदीय चौदांत नाहींत. हे आठ दोष कानाला नव्हे, डोळ्याला दिसणारे आहेत. शिक्षाकारांसमोर मुख्यतः अक्षर व स्वर होता. रत्नाकरांत त्याच्या जोडीस गाणाऱ्याचा देह आला. सभेंत बसून गवयाला पाहणाऱ्या दरबारी मनुष्याची नजर येथें दिसते.

आतां साधकानें या यादीचा उपयोग कसा करावा? माझ्या मतें हे दोष कोणाच्या साक्षीनें पकडले जातात यावरून त्यांचे तीन वर्ग करावे. पहिला वर्ग कानाच्या साक्षीचा: विताल, अपस्वर, अव्यक्त, सानुनासिक इत्यादि. दुसरा परक्या डोळ्याच्या साक्षीचा: वरील आठ. डोळे मिटून गाणाऱ्यास आपले डोळे मिटले आहेत हें आरसाहि सांगूं शकत नाहीं. तेथें गुरूच हवा. गुरूच्या गाण्याची नक्कल करणाऱ्या ‘अनुकार’ गायकास तर हा धोका दुहेरी आहे, कारण गळ्याबरोबर तो गुरूच्या मानेची वळणेंहि उचलतो. तिसरा वर्ग केवळ स्वतःच्या मनाच्या साक्षीचा: भीत, शंकित आणि अनवधान. शंकिताचें लक्षण शार्ङ्गदेवानें घाईनें गाणें असें दिलें आहे, तें मार्मिक आहे. श्रोत्यास फक्त घाई दिसते. तिच्या मुळाशीं शंका आहे हें गाणाराच जाणतो. ग्रंथकारानें स्वतःस ‘निःशंक’ हें बिरुद लावून घेतलें होतें, हें या संदर्भांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

पहिल्या वर्गांतहि आपला कान पुरता विश्वासू नसतो. स्वतःचा आवाज आपणांस हवेवाटे येतो तसाच कवटीच्या हाडांतूनहि येतो. म्हणून तो इतरांस ऐकूं येतो त्याहून भरदार भासतो. १९०२ मध्यें हिंदुस्थानांत ग्रामोफोनच्या तबकड्या निघूं लागल्या, तेव्हां गवयास स्वतःचें गाणें परक्यासारखें ऐकण्याची सोय झाली. आज ती प्रत्येकाच्या खिशांत आहे. तीस वर्षें मुलांकडून स्तोत्रें म्हणवून घेतांना मीं ‘शीघ्री’ हा दोष शेंकडों वेळां काढला असेल. गेल्या वर्षीं नातवानें मोबाईलवर माझेंच पठण उतरवून मला ऐकविलें, तेव्हां प्रत्येक चरणाचीं शेवटचीं अक्षरें मी गिळतों असें आढळलें. यादी मला तोंडपाठ होती. ती स्वतःस लावण्याचें मात्र राहून गेलें होतें.

या परंपरेची पुढची पायरी पाहण्यास देवगिरीहून धुळ्यास यावें लागतें. कै. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगांवच्या प्रतीवरून ‘दासबोध’ १९०५ मध्यें धुळ्यास प्रसिद्ध केला, व १९३५ मध्यें श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर स्थापून रामदासी बाडांस घर दिलें. त्या ग्रंथाच्या चौदाव्या दशकांतील चौथा व पांचवा समास कीर्तनकारासाठीं आहेत. रागज्ञान व तालज्ञान यांतच मन गुंतलें तर ज्याच्यासाठीं गावयाचें तो भगवंतच अंतरतो, असा तेथील इशारा आहे. शार्ङ्गदेवाचा अनवधान गायक गीताकडे लक्ष न दिल्यानें चुकतो. समर्थांचा कीर्तनकार स्वतःच्या कळेकडे अति लक्ष दिल्यानें चुकतो. दरबारी गायन व हरिकीर्तन यांचीं ध्येयें भिन्न आहेत हें खरें. तरीहि लक्ष कोठें आहे हें गाणाऱ्यानेंच तपासावयाचें, हा धागा दोहोंत एकच आहे. अक्षर, देह आणि मन असा हा तपासणीचा क्रम आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. खानदेशांतील कीर्तनकारांच्या घरच्या बाडांतून पदांच्या माथ्यावर रागाचें, तालाचें किंवा चालीचें नांव असतें. समासांत क्वचित् खुणाहि असतात. आपल्या सूचींत बहुधा कवि व आद्य चरण एवढेंच उतरतें आणि या खुणा गळतात. कोणतें पद कोणत्या चालीवर बसविलें, मग ती चाल कां खोडली, हें सांगणारा दुसरा पुरावा आपल्यापाशीं नाहीं. नामवंत गवयांचीं चरित्रें लिहिलीं जातात. गांवोगांवच्या गाणाऱ्यांनीं स्वतःस कसें सुधारलें, हें त्या कडेच्या शाईंतच उरलें आहे. बाड हातीं येतांच त्या खुणांची नोंद करावी, इतकेंच मागणें आहे.