भिंतीतली काळी रेघ

कुठल्याही नव्या आयटी पार्कच्या लॉबीत जा आणि भिंतीकडे जरा निरखून बघा. पांढरीशुभ्र जिप्समची भिंत जिथं काँक्रीटच्या खांबाला भेटते, तिथं बऱ्याचदा बोटभर रुंदीची एक सरळ काळी रेघ दिसते. ती रंगवलेली नसते, ती खाच असते. आत ॲल्युमिनियमची एक बारीक पन्हळ बसवलेली असते आणि तिच्यात पडलेली सावली आपल्याला रेघ म्हणून दिसते. इंटिरियरवाले तिला 'शॅडो गॅप' म्हणतात, साइटवरचे लोक नुसतं 'ग्रूव्ह'.

दिसायला ही फॅशन आहे. पण थोडं खणलं की तिच्याखाली सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास निघतो, आणि तो मला भलताच रंजक वाटला. म्हणून या विकांताला हाच विषय.

मूळ दुखणं साधं आहे. दोन वेगळ्या वस्तू जिथं भेटतात तिथं आज ना उद्या भेग पडते. लाकूड पावसाळ्यात फुगतं, गिलावा वाळताना आकसतो, काँक्रीट आणि वीट उन्हात वेगवेगळ्या मापाने प्रसरण पावतात. आपल्या धंद्यातल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. बग बहुतेक वेळा एखाद्या मोड्यूलच्या पोटात सापडत नाही, दोन मोड्यूल्स जिथं एकमेकांशी बोलतात तिथं सापडतो!

एकोणिसाव्या शतकातल्या युरोप-अमेरिकेतल्या घरांनी या भेगेवर एक सरळ उपाय शोधला होता: झाका. तिथल्या लाकडी सांगाड्यावर अरुंद पट्ट्या मध्ये फटी ठेवून ठोकत. त्यावर चुन्याचा गिलावा दाबला की तो फटीतून मागे जाऊन अडकून बसे. असे सहसा तीन थर, आणि प्रत्येक थर वाळायची वाट बघायची. घर पूर्ण होता होता आठवडे जात. मग दाराची चौकट आणि गिलावा यांच्या सांध्यावर लाकडी पट्टी, भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर स्कर्टिंग, भिंत आणि छत यांच्या सांध्यावर नक्षीदार कॉर्निस. जुन्या बंगल्यांतली जी नक्षी बघून आपण माना डोलावतो, तिच्यातली बरीचशी मुळात पांघरूण होती.

ही कॉर्निस करायची पद्धत बघण्यासारखी आहे. हव्या त्या नक्षीचा छेद पत्र्यात कापायचा, तो पत्रा एका लाकडी घोडीवर पक्का करायचा आणि भिंतीवर ठोकलेल्या पट्टीच्या आधाराने ओल्या गिलाव्यावरून पुन्हा पुन्हा ओढत न्यायचा. दर फेरीला थोडा माल चढतो, थोडा खरवडला जातो आणि हळूहळू नक्षी उमटते. सगळा खेळ हाताच्या दाबाचा आणि माल घट्ट व्हायच्या वेळेचा. ही घोडी लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

आता १८९४ सालात या. अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांनी कागदाच्या थरांमध्ये प्लास्टर भरून केलेल्या फळीचं पेटंट घेतलं. म्हणजे गिलावा भिंतीवर करायचाच नाही, कारखान्यात करायचा आणि वाळलेला आणून ठोकायचा! पुढे १९०९ मध्ये युनायटेड स्टेट्स जिप्सम कंपनीने सॅकेट यांची कंपनी विकत घेतली आणि थोड्याच वर्षांत 'शीटरॉक' हे नाव बाजारात आलं. जिप्समच्या वजनात जवळपास एकपंचमांश पाणी रासायनिक रूपात बांधलेलं असतं. आग लागली की आधी ते पाणी वाफ होऊन जातं आणि तेवढा वेळ पलीकडची बाजू थंड राहते. इतका गुणी माल असूनही सुरुवातीला लोकांनी त्याला स्वस्तातली तडजोडच मानलं.

चित्र पालटलं ते दुसऱ्या महायुद्धात. कसबी हात कमी, घाई जास्त. युद्धानंतर परतलेल्या सैनिकांना घरं हवी होती. न्यूयॉर्कजवळ लॉंग आयलंडवर लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात १७ हजारांहून जास्त घरं उभी राहिली, ऐन भरात दिवसाला तीसच्या आसपास. तीन थर वाळायची वाट बघत बसलं असतं तर हे शक्यच नव्हतं. गिलावाकाम करणाऱ्यांची संघटना अमेरिकेत १८६४ पासून आहे. एवढ्या जुन्या, अभिमानी धंद्याचं मुख्य काम एका पिढीत फळ्या ठोकणाऱ्यांकडे गेलं.

फळ्या आल्या तसे सांधेही वाढले. त्यावरचा उपाय आधीपेक्षा वेगळा होता: सांधा नाहीच असं भासवा. फळीच्या कडा किंचित उतरत्या करायच्या, सांध्यावर कागदी टेप लावायची, वर लुकणाचे थर देऊन घासून सपाट करायचं. सांधा गायब! पण इमारत हलायची थोडीच थांबते? लांब सलग भिंतीला कुठंतरी तडा जातोच. म्हणून अमेरिकन मानकं आज सांगतात, की जिप्सम बोर्डाच्या भिंतीत साधारण ९ मीटरच्या आत मुद्दाम एक सांधा मोकळा सोडा. बाहेरच्या भिंतीवर जाळीवर केलेला सिमेंटचा गिलावा, ज्याला ते स्टको म्हणतात, तो तर साडेतेरा चौरस मीटरपेक्षा मोठा सलग ठेवू नका.

इथं ॲल्युमिनियमचा प्रवेश होतो. १८८४ मध्ये वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड बसवला, तेव्हा हा धातू चांदीच्या भावाच्या आसपास होता. दोनच वर्षांनी, १८८६ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स हॉल आणि फ्रान्समध्ये पॉल एरू या दोघांनी, एकमेकांना न ओळखता, विजेने ॲल्युमिनियम वेगळं करायची एकच पद्धत शोधली. (दोघांचा जन्म १८६३चा आणि मृत्यूही १९१४चाच. योगायोगाची हद्द आहे!) त्यानंतर भाव कोसळला तो कोसळलाच. दुसऱ्या महायुद्धात विमानांसाठी अमेरिकेचं उत्पादन काही वर्षांत पाच पटींहून जास्त वाढलं. युद्ध संपल्यावर एवढ्या धातूचं करायचं काय? खिडक्या, दारं, पट्ट्या, चॅनेल... घरबांधणी हे तयार गिऱ्हाईक होतं.

या चॅनेलची जन्मकथा म्हणजे एक्स्ट्रूजन. साधारण ४५० ते ५०० अंशांपर्यंत तापवलेला ॲल्युमिनियमचा ओंडका प्रेसने एका पोलादी साच्याच्या भोकातून दाबायचा. भोकाचा जो आकार, त्या आकाराची लांबच लांब पट्टी बाहेर येते, शेवयांच्या सोऱ्यासारखी :-) आता ती घोडी आठवा. तिथं पत्र्यातला छेद मालावरून फिरत होता, इथं माल छेदातून जातो. आकार तोच, कल्पनाही तीच. बदललं ते एवढंच, की छेद गवंड्याच्या हातातून कारखान्याच्या साच्यात गेला. एका कसबाचं असं स्थलांतर मला या सगळ्या इतिहासातली सर्वात मोठी घटना वाटते.

दुसरीकडे वास्तुशिल्पात नक्षीविरुद्ध बंड चालूच होतं. आडॉल्फ लूस यांनी १९१० मध्ये व्हिएन्नात नक्षीला थेट गुन्ह्याच्या पंक्तीत बसवणारं व्याख्यान दिलं. पुढे शिकागोत मीस व्हान डेर रोह यांनी पोलाद आणि वीट जिथं भेटतात तिथं पट्टी न लावता बारीक खाच सोडली. झाकायचं नाही आणि लपवायचंही नाही, सांधा सरळ दाखवायचा. ॲल्युमिनियमच्या चॅनेलने हा महागडा विचार मीटरच्या भावाने विकायला काढला.

बसवायचं तंत्रही समजून घेण्यासारखं आहे. गिलाव्यात चॅनेल आधी बसतं, माल नंतर येतो. चॅनेलची खोली गिलाव्याच्या जाडीएवढी असते, त्यामुळे त्याचीच कड धरून फंटी फिरवता येते. जिप्सम बोर्डात चॅनेलचा भोकं पाडलेला पातळ पंख स्क्रूने पक्का करून त्यावर लुकण ओढतात. पण नुसती खाच म्हणजे मोकळा सांधा नव्हे. मागची जाळी किंवा सांगाडा सलग राहिला तर भेग खाचेला मान देत नाही, शेजारून जाते. जाळी तिथं तोडावी लागते, बोर्डाच्या दोन्ही बाजूंना वेगळे उभे आधार द्यावे लागतात. इंटरफेस चकाचक आणि मागचा कोड एकमेकांत गुंतलेला, असा तो प्रकार.

आणखी एक खोच आहे. ओलं सिमेंट चांगलंच अल्कधर्मी असतं. उघडं ॲल्युमिनियम त्यात गेलं की वरचा ऑक्साइडचा थर विरघळतो, धातू खाल्ला जातो आणि हायड्रोजनचे बुडबुडे निघतात. हीच अभिक्रिया मुद्दाम घडवून, ॲल्युमिनियमची पूड घालून, फुगवलेल्या काँक्रीटचे एएसी ब्लॉक करतात. म्हणून सिमेंटमध्ये जाणाऱ्या चॅनेलला संरक्षक लेप लागतोच. शिवाय ॲल्युमिनियम सिमेंटच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. तीन मीटरची पट्टी २० अंशांच्या फरकाने जवळपास दीड मिलिमीटर वाढते. दोन पट्ट्यांच्या टोकांमध्ये तेवढी जागा ठेवली नाही तर तीच वाकते.

आपल्याकडे हे सगळं उलट्या क्रमाने पोचलं. ऑफिसात जिप्सम बोर्ड आणि चॅनेल आले, घरी अजून विटा किंवा एएसी ब्लॉक आणि सिमेंटचा गिलावा. पण आपल्या गवंड्यांना सांध्याची अक्कल कुणा परदेशी पुस्तकाने शिकवलेली नाही. काँक्रीटचा बीम आणि वीट जिथं भेटतात तिथं कोंबडीजाळी मारणं, चौकटीभोवती ओल्या गिलाव्यातच सरळ ग्रूव्ह ओढून ठेवणं, हे ते करत आलेत. आमच्या सोसायटीत एका वयस्कर मिस्त्रींना मी विचारलं, "काका, ही खाच कशाला?" ते म्हणाले, "भेग येणारच साहेब, ती आपण सांगू तिथं यावी एवढंच." ॲल्युमिनियम नाही, साचा नाही, मानक नाही, एक पट्टी आणि सरळ हात.

एक गोष्ट मात्र नव्या रेघेबद्दल सांगितलीच पाहिजे. जुनी लाकडी पट्टी माफ करायची. तिच्याखाली गवंड्याची पाच मिलिमीटरची चूक आरामात दडायची. चॅनेल माफ करत नाही. दोन मिलिमीटरचा बाक आला तरी सावली तो लॉबीभर ओरडून सांगते. म्हणजे 'साधं' दिसणारं हे काम करायला जुन्या नक्षीकामाइतकाच, कधीकधी जास्तच, नेमका हात लागतो. फरक असा, की नक्षी करणाऱ्याचं कौतुक व्हायचं, कारण त्याचं काम दिसायचं. आज चॅनेल बसवणाऱ्याचं काम चांगलं झालं तर कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि त्याला दामही बहुधा मीटरवरच मिळतात. पुढच्या वेळी लिफ्टची वाट बघत उभे असाल, तेव्हा त्या रेघेवरून वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवा. ती सरळ असेल तर समजा, तिथं कुणीतरी मन लावून काम केलंय.